पहिला माहितीपट: लंडनच्या भिंतीवरचा निळा फलक कसा घडतो

लंडनच्या मेडा व्हेल भागात हाउली प्लेस नावाचा एक शांत रस्ता आहे. तेथील १० क्रमांकाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर एक गोल निळा फलक आहे. लोकमान्य टिळक (१८५६–१९२०), भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, १९१८–१९१९ या काळात येथे राहिले, एवढाच मजकूर त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेला आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक विलायतेला गेले होते, तो हा काळ. फलक लंडन काउंटी कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या स्थानिक प्रशासनाने, १९६१ मध्ये बसवला. लंडनला आलेली कितीतरी मराठी मंडळी या घरासमोर उभी राहतात, फोटो काढतात, नकळत हात जोडतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. मीही पाहुण्यांना घेऊन तेथे अनेकदा गेलो होतो. एकदा मात्र मजकूर सावकाश वाचताना लक्षात आले की, त्यावर 'बाळ गंगाधर' ही अक्षरे कोठेच नाहीत. लोकांनी दिलेली पदवीच तेथे नाव होऊन बसली आहे. हे कोणाच्या टेबलावर ठरले असेल, कोणी सुचवले असेल, कोणाला समजावून सांगावे लागले असेल, हे प्रश्न मनात घोळू लागले आणि त्यातून फलकांवर माहितीपट करण्याचा माझा पहिला प्रयत्न सुरू झाला.

ज्यांना असा पहिला माहितीपट करायचा आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. उदाहरणे लंडनची आहेत, कारण तेथील पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे, तिचे नियम जाहीर आहेत आणि आपल्या माणसांचे फलकही तेथे आहेत. लेखभर माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ज्याच्या नावाचा फलक आहे त्याचे चरित्र सांगण्याचा मोह आवरावा आणि फलक ठरवणारी, लिहिणारी, घडवणारी व भिंतीत बसवणारी माणसे पडद्यावर आणावीत. चरित्रे पुष्कळ झाली आहेत. एखाद्या माणसाचे आयुष्य दहा-बारा शब्दांत बसवताना काय ठेवले गेले आणि काय गळले, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

आधी पद्धत समजून घ्यावी

कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी किमान दोन आठवडे फलक-योजनेचा इतिहास आणि नियम वाचण्यात घालवावेत. प्रसिद्ध व्यक्तींच्या घरांवर फलक लावण्याची कल्पना विल्यम एवर्ट या खासदाराने १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडली आणि १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने ती हाती घेतली. पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या होलिस स्ट्रीटवरील जन्मघरावर लागला, पण ते घर १८८९ मध्ये पाडले गेले. आज टिकून असलेला सर्वांत जुना फलकही १८६७ चाच असून तो किंग स्ट्रीटवर तिसऱ्या नेपोलियनच्या नावे आहे. सोसायटीने एकूण ३५ फलक बसवले आणि त्यांतील निम्म्याहून कमी आज शिल्लक आहेत. १९०१ मध्ये योजना लंडन काउंटी कौन्सिलकडे आली, १९६५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलकडे आणि १९८६ पासून ती इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये योजनेतील हजारावा फलक लागला. तो एका व्यक्तीचा नसून स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या विमेन्स फ्रीडम लीग या संघटनेच्या कचेरीचा आहे.

हे हस्तांतर कंटाळवाणे वाटेल, पण चित्रपटाच्या दृष्टीने ते फार उपयोगी पडते, कारण बहुतेक फलकांवर ते बसवणाऱ्या संस्थेचे नाव असते. ते वाचले की तो फलक कोणत्या काळातील कोणत्या कचेरीतून निघाला हे कळते आणि कागद कोठे शोधायचे याचा माग लागतो. लंडनमध्ये निळा गोल फलक दिसला म्हणजे तो याच योजनेतील आहे, असेही समजू नये. स्थानिक कौन्सिले, मंडळे आणि खासगी संस्थाही तसेच दिसणारे फलक लावतात.

आजचे नियम थोडक्यात असे आहेत. व्यक्तीच्या मृत्यूला किमान २० वर्षे झालेली असावीत. तिचा संबंध असलेली मूळ इमारत लंडनमध्ये उभी असावी आणि ती ओळखू येणार नाही इतकी बदललेली नसावी. फलक रस्त्यावरून दिसला पाहिजे. एका व्यक्तीला एकच फलक, हा आजचा दंडक आहे. गांधीजींचे दोन फलक आहेत, एक १९५४ चा आणि दुसरा १९८६ चा, पण ते आधीच्या काळातील आहेत. प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. तो वर्षातून तीनदा भरणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीपुढे जातो आणि साधारण तिनापैकी एक प्रस्ताव पुढच्या यादीत येतो. त्यानंतर इतिहास-संशोधक त्या व्यक्तीच्या पत्त्यांचा शोध घेतात, समिती त्यांतील घर निवडते, मग घरमालकांची संमती मिळवावी लागते आणि इमारत संरक्षित यादीत असल्यास स्थानिक कौन्सिलची वेगळी परवानगी लागते. मजकूर ठरतो, फलक घडवला जातो, बसवला जातो, अनावरण होते. प्रस्तावापासून अनावरणापर्यंत दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि वर्षाला सुमारे डझनभर फलक लागतात.

या साखळीतील संमतीच्या कडीकडे विशेष लक्ष द्यावे. फलक घरमालकाच्या भिंतीत बसतो आणि मालकाने नकार दिला तर वर्षा-दोन वर्षांचे संशोधन तेथेच थांबते. इमारतीत अनेक सदनिका असल्या तर एकापेक्षा अधिक मालकांना राजी करावे लागते. ज्या माणसाला त्या ऐतिहासिक व्यक्तीबद्दल काहीच ठाऊक नाही, तो आपल्या घराच्या भिंतीला खाच पाडू देतो, यामागचे कारण त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाले तर तो तुमच्या चित्रपटातील सर्वांत मोलाचा प्रसंग ठरू शकतो.

एक प्रश्न, एक फलक

पहिल्या प्रयत्नात सगळी योजना सांगू पाहणारा माहितीपट हमखास पसरट होतो. दहा ते बारा मिनिटांची मर्यादा घालून घ्यावी, एक फलक निवडावा आणि एका वाक्यात मावेल असा एकच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. प्रश्न नेमका असावा. 'टिळकांचा फलक कसा लागला' हा विषय झाला. 'टिळकांची पदवी लंडनच्या भिंतीवर नाव म्हणून कशी आली' हा प्रश्न आहे, कारण तो तुम्हाला एका विशिष्ट फाइलपर्यंत, एका विशिष्ट मसुद्यापर्यंत घेऊन जातो.

असे प्रश्न फलकांवरच सापडतात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. हायगेटमध्ये ६५ क्रॉमवेल अॅव्हेन्यू या घरावर विनायक दामोदर सावरकरांचा फलक आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी चालवलेले इंडिया हाऊस ते हेच. हा फलक १९८५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने लावला आणि त्यावर सावरकरांचे वर्णन 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ' असेच आहे. टिळकांच्या फलकानंतर चोवीस वर्षांनी, दुसऱ्या संस्थेने, अगदी वेगळ्या राजकीय जीवनाच्या माणसासाठी तेच शब्द वापरले. पेंज भागातील ७२ अॅनर्ली पार्क येथे २०२२ मध्ये इंग्लिश हेरिटेजने दादाभाई नौरोजींचा फलक लावला, त्यावर मात्र 'भारतीय राष्ट्रवादी आणि खासदार' असे आहे. १९६१, १९८५ आणि २०२२ चे हे तीन फलक एकापाठोपाठ दाखवले तरी प्रेक्षक शब्दांकडे पाहू लागतो. त्यासाठी निवेदनाचे एक वाक्यही लागत नाही.

कोणाचे फलक लागत नाहीत, हाही प्रश्न होऊ शकतो. २०१८ मध्ये इंग्लिश हेरिटेजने स्वतःच जाहीर केले होते की, स्त्रियांच्या नावाचे फलक सुमारे १४ टक्केच आहेत आणि लोकांनी स्त्रियांची नावे सुचवावीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी हेरगिरी करताना मारल्या गेलेल्या नूर इनायत खान यांचा फलक ४ टॅव्हिटन स्ट्रीट येथे २०२० मध्ये लागला. प्रश्न मोठा असला तरी चित्रपट मात्र एका भिंतीवरच ठेवावा.

आता वेळेची अडचण. प्रक्रियेला तीन वर्षे लागत असतील तर पहिला चित्रपट करणाऱ्याने तितके थांबावे का? थांबू नये. दोन मार्ग आहेत. ज्याचे काम शेवटच्या टप्प्यात आले आहे असा नवा फलक निवडून घडवणे, बसवणे आणि अनावरण प्रत्यक्ष टिपावे, किंवा जुना फलक घेऊन त्याची गोष्ट कागदपत्रांतून सांगावी आणि घडवण्याचे दृश्य आजच्या कारागिराकडे चित्रित करावे. दुसऱ्या मार्गात पडद्यावर स्पष्ट लिहावे की, दिसणारा फलक वेगळा आहे. टिळकांच्या फलकाबद्दल बोलताना दुसऱ्याच फलकाची माती दाखवणे आणि प्रेक्षकाला ते न सांगणे ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. प्रस्ताव तुम्ही स्वतःच पाठवला असेल आणि त्याच फलकावर चित्रपट करत असाल, तर तेही चित्रपटातच सांगून टाकावे.

दप्तरात घालवायचे दिवस

लंडन काउंटी कौन्सिल आणि ग्रेटर लंडन कौन्सिल यांचे दप्तर क्लार्कनवेलमधील लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहे. तेथे जाण्यापूर्वी सूची इंटरनेटवर चाळून हव्या त्या फाइलींचे क्रमांक काढून ठेवावेत, आणि कागदांचे फोटो किंवा चित्रीकरण करण्याबाबतचे व ते चित्रपटात वापरण्याबाबतचे नियम आधीच लेखी विचारून घ्यावेत. वाचनालयात फोटो काढू देणे आणि तो प्रदर्शित करू देणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिल्यांदा काम करणारे येथे हटकून चुकतात आणि संकलन संपल्यावर त्यांना दृश्ये काढून टाकावी लागतात.

संशोधक घर कसे निश्चित करतात ते नीट समजून घ्यावे, कारण चित्रपटाचा कणा येथेच आहे. मतदारयाद्या, पोस्ट ऑफिसच्या डिरेक्टऱ्या, घरपट्टीच्या वह्या आणि दर दहा वर्षांची जनगणना ही मुख्य साधने. त्यांत दोन खाचखळगे असतात. पहिला असा की, लंडनमधील कितीतरी रस्त्यांची नावे आणि घरांचे क्रमांक काळाच्या ओघात बदलले आहेत, त्यामुळे जुन्या पत्रातील २४ क्रमांक आजही २४ असेलच असे नाही, आणि जुने नकाशे नव्यांशी ताडून पाहावे लागतात. दुसरा खळगा आपल्या माणसांच्या बाबतीत अधिक जाणवतो. टिळक १९१८ च्या उत्तरार्धात आले आणि १९१९ च्या अखेरीस परतले, तर जनगणना झाली १९११ मध्ये आणि १९२१ मध्ये. म्हणजे दोन शिरगणत्यांच्या मधोमध येऊन गेलेला हा पाहुणा. अशा माणसाचा पत्ता पत्राच्या माथ्यावर, पाकिटावर, सभेच्या पत्रिकेत किंवा त्या वेळच्या वर्तमानपत्रात शोधावा लागतो. यातील एखादा कागद हाती आला तर तो नुसता स्कॅन करून पडद्यावर टाकू नये. वाचनालयाने परवानगी दिली तर कागद उलगडणारे हात, पत्त्यावर थांबलेले बोट आणि पान उलटतानाचा आवाज टिपावा.

मराठी चित्रपटकर्त्याला येथे एक मोठी सोय आहे. लंडनच्या संशोधकाला सहज न वाचता येणारी साधने आपल्या हाती आहेत. 'केसरी' १८८१ पासूनचा आहे, त्या काळातील चरित्रे व पत्रसंग्रह मराठीत आहेत आणि पुण्याचा केसरीवाडा किंवा टिळकांनी १ ऑगस्ट १९२० रोजी जेथे देह ठेवला ते मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह ही स्थळे चित्रीकरणासाठी जवळ आहेत. हाउली प्लेसचे दृश्य आणि १९१९ च्या अंकातील लंडनसंबंधीचा मराठी मजकूर समोरासमोर आला, तर फलकावरील त्या मोजक्या इंग्रजी शब्दांचे वजन आपोआप कळते. मोडी किंवा जुन्या वळणाचे हस्ताक्षर वाचायचे असल्यास जाणकाराची मदत घ्यावी आणि अंदाजाने वाचलेले वाक्य निवेदनात कधीही घालू नये.

माती, निळा रंग आणि भट्टी

फलक घडण्याचे काम डोळे भरून पाहण्यासारखे आहे आणि येथे कॅमेऱ्याने घाई करू नये. आजच्या फलकाची रचना १९३८ मधील आहे. ती सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समधील एका विद्यार्थ्याने केली, त्याला तिचे ४ गिनी (जुने ब्रिटिश चलन) मिळाले आणि त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. शेकडो नावे ज्या आराखड्यावर लिहिली गेली तो आखणारा स्वतः निनावी राहिला, ही एक गोष्ट सांगण्यासाठी मी माझ्या चित्रपटातील पूर्ण एक मिनिट दिले होते आणि ते आजही योग्य वाटते.

फलकाचा व्यास ४९५ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ५० मिलिमीटर असते. पातळ केलेली माती साच्यात ओतून तबकडी घडवतात. ती संथपणे वाळवावी लागते, कारण वाळताना आणि भाजताना माती आकसते आणि घाई केली तर तडा जातो. पृष्ठभाग मध्यभागी किंचित फुगीर असतो, त्यामुळे पावसाचे पाणी निथळून फलक बऱ्याच अंशी आपोआप धुतला जातो. मग अक्षरांच्या कडा उठवण्याचे काम येते. कारागीर पातळ मातीने भरलेली पिशवी हातात धरून बारीक नळीतून एकेका अक्षराची कड काढतो. आपल्याकडे मेंदीच्या कोनाने हातावर रेघ ओढतात तसाच दाब, तशीच एकाग्रता आणि रेघ तुटू नये म्हणून रोखलेला श्वासही तसाच. या उंचावलेल्या कडांच्या आत पांढरी आणि बाहेर निळी झिलई भरतात. कड नीट जुळली नसेल तर भट्टीत वितळलेला निळा रंग पांढऱ्यात उतरण्याचा धोका असतो. भाजण्यापूर्वी झिलई फिकट व पिठूळ दिसते आणि तो गडद निळा रंग भट्टीतून बाहेर आल्यावरच प्रकट होतो.

येथे तीन शॉट चुकवू नयेत. पहिला, एका अक्षराची कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न कापता. 'मॅक्रो' सोय असलेली लेन्स नसेल तर मोबाइलवर लावायची साधी क्लोजअप लेन्सही चालते, पण ट्रायपॉड हवाच. दुसरा, त्याच वेळी कारागिराचा चेहरा. एकच कॅमेरा असेल तर एका अक्षराला हात आणि पुढच्या अक्षराला चेहरा टिपावा. तिसरा, भट्टीचे दार उघडण्याचा क्षण, जो पुन्हा मिळत नाही. भट्टी कधी उघडणार हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे आणि अर्धा तास आधी हजर राहावे. कारागिराला काम करताना प्रश्न विचारू नयेत. हात थांबल्यावर विचारावेत. कार्यशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी कोठे उभे राहायचे, कशाला स्पर्श करायचा नाही आणि धुळीचे काय, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे, कारण कच्च्या फलकाला लागलेला एक धक्का त्यांच्या कित्येक आठवड्यांच्या श्रमावर पाणी फिरवतो.

भिंतीत बसवण्याचे काम गवंडी करतो. विटा कापून फलकाच्या मापाची खाच केली जाते आणि फलक आत घट्ट बसवून कडा भरून घेतल्या जातात. हे एकदाच घडते, म्हणून येथे तरी दोन कॅमेरे असावेत, एक समोरच्या पदपथावर स्थिर आणि दुसरा जवळून. परांचीवर चढून चित्रीकरण करायचे असेल तर गवंड्याची परवानगी आणि हेल्मेट दोन्ही घ्यावे.

रस्त्यावर

ज्या घरांवर फलक आहेत त्यांतील बहुतेक घरांत माणसे राहतात. फलक सार्वजनिक असला तरी दार, खिडक्या आणि पायऱ्या त्यांच्या आहेत. हाउली प्लेस वेस्टमिन्स्टरमध्ये येते. तुमचे घर ज्या कौन्सिलच्या हद्दीत असेल तिच्या चित्रीकरण विभागाला ईमेलने कळवावे, ट्रायपॉड लावणार असल्यास ते स्पष्ट लिहावे आणि उत्तराची छापील प्रत खिशात ठेवावी. घराच्या पत्रपेटीत दोन ओळींची विनंतीवजा चिठ्ठी टाकावी. माझ्या बाबतीत त्या चिठ्ठीमुळेच एका घराचे दार उघडले होते. खिडकीतून दिसणारी माणसे, मुले आणि गाड्यांचे क्रमांक अंतिम चित्रपटात दिसणार नाहीत याची काळजी घ्यावी.

निळ्या झिलईचा फलक चित्रित करणे वाटते तितके सोपे नाही. फुगीर आणि चकचकीत पृष्ठभागात आकाश, समोरचे झाड, कधीकधी तुमचा स्वतःचा कॅमेराही उमटतो. माझ्या पहिल्या दिवसाचे जवळजवळ सगळे क्लोजअप यामुळे वाया गेले. निरभ्र दुपारी मी मोठ्या उत्साहाने तासभर शूटिंग केले आणि रात्री पडद्यावर पाहिले तर अक्षरांवर पांढरा तवंग पसरलेला. उपाय साधे आहेत. ढगाळ दिवस निवडावा, लंडनमध्ये त्यांची वाण नाही. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावावा आणि समोरून न घेता थोडे बाजूने, शक्य तितक्या लांबून, झूम करून घ्यावे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात दिवसाचे वेळापत्रक सकाळपासूनच आखावे. एकच चौकट ठरवून तीच वेगवेगळ्या वेळी टिपून ठेवली, सकाळी, पावसात, दिवे लागल्यावर, तर संकलनात काळ पुढे सरकला हे दाखवण्यासाठी ती फार कामी येते. फलकाकडे मान वर न करता निघून जाणारी माणसेही टिपावीत.

आवाजाकडे चित्रापेक्षाही जास्त लक्ष द्यावे. पैसे थोडे असतील तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर समाधान मानावे आणि उरलेले कॉलर माईक, वाऱ्यासाठीचे केसाळ आवरण आणि बरे हेडफोन यांवर खर्च करावेत. मुलाखत शक्यतो घरात घ्यावी. प्रत्येक ठिकाणी, खोली असो वा रस्ता, कोणीही न बोलता एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करावा, कारण वाक्यांच्या मधली फट बुजवायला तोच लागतो.

मुलाखती आणि त्यांची संमती

पाच माणसे पुरेत: प्रस्ताव पाठवणारा, घराचा शोध घेणारा संशोधक, कारागीर, घरमालक आणि रोज त्या फलकाखालून जाणारा कोणी एक जण. प्रत्येकाकडून बोलण्यापूर्वीच संमतीपत्रावर सही घ्यावी आणि त्यात चित्रपट कोठे कोठे दाखवला जाणार ते लिहावे. संस्थेतील माणसाची मुलाखत हवी असल्यास त्या संस्थेच्या प्रसिद्धी विभागामार्फतच जावे. उत्तर यायला आठवडे लागतात, म्हणून ते पत्र सर्वांत आधी पाठवावे.

'हा फलक तुम्हाला का महत्त्वाचा वाटतो' असा प्रश्न विचारला की सगळे जण भाषण करतात. त्याऐवजी कृतीचे प्रश्न विचारावेत. मजकुराचा पहिला मसुदा कसा होता? कोणता शब्द खोडला? कोणता शब्द टिकावा म्हणून तुम्ही भांडलात? घरमालकाला पहिले पत्र आले तेव्हा घरात काय बोलणे झाले? माणूस मराठी असेल तर मराठीतच बोलू द्यावे आणि इंग्रजी उपशीर्षके द्यावीत. परक्या भाषेत नीटनेटके बोलणारा माणूस आपल्या भाषेत खरे बोलतो, हा माझा अनुभव आहे.

सावरकरांसारख्या व्यक्तीबद्दल तीव्र मतभेद आहेत आणि चित्रीकरणात ते समोर येणारच. अशा वेळी वाद टाळू नये आणि स्वतः त्यात पक्षही घेऊ नये. फलक कधी, कोणत्या संस्थेने आणि कोणत्या शब्दांत लावला हे कागदासह दाखवावे आणि दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ द्यावा. फलक म्हणजे पुतळा नव्हे, आणि सरकारने विकत घेऊन स्मारक केलेले घरही नव्हे. हा फरक दाखवण्यासाठी १० किंग हेन्रीज रोड हे घर उत्तम उदाहरण आहे. डॉ. आंबेडकर १९२१–२२ मध्ये तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले, संग्रहालय म्हणून वापरण्याच्या परवानगीवरून कॅमडेन कौन्सिलशी वाद झाला आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. फलक लागला तरी घर पूर्वीसारखे राहते घर असते. संग्रहालय झाले की घराचा वापरच बदलतो, म्हणून तेथे परवानग्याही वेगळ्या लागतात.

संकलन

सगळे फुटेज पाहून झाल्यावर कालक्रमाने मांडण्याची घाई करू नये. बहुतेक नवखे १८६३ पासून सुरुवात करतात आणि प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला कंटाळतो. भिंतीवरच्या फलकापासून सुरू करावे, लगेच एक शब्द पकडावा आणि त्याचा माग काढत मागे जावे. इतिहासाचे तपशील जेथे त्यांच्यावाचून दृश्य अडते तेथेच द्यावेत. एवर्टचे नाव घेतले नाही तरी चित्रपट चालेल, घरमालकाची शांतता कापली तर चालणार नाही. निवेदन शेवटी लिहावे आणि जे चित्रात दिसते ते त्यातून खोडावे. पार्श्वसंगीत कमीत कमी ठेवावे. माती ओतण्याचा, विटेवर छिन्नी बसण्याचा आणि कागद उलगडण्याचा आवाज त्याहून चांगला असतो.

प्रत्येक तारीख, पत्ता आणि फलकावरील शब्द दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळून पाहावेत आणि पडद्यावरील अक्षरे प्रत्यक्ष फलकाच्या फोटोशी एकेक करून जुळवावीत. पहिली प्रत तयार झाली की ती मुलाखत दिलेल्यांना दाखवावी. तथ्याची चूक त्यांनी दाखवली तर सुधारावी, मताबद्दलच्या सूचना ऐकून निर्णय स्वतः घ्यावा. श्रेयनामावलीत गवंड्याचे आणि भट्टी सांभाळणाऱ्याचे नाव त्यांना विचारून, त्यांनी लिहून दिले तसे घालावे. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर अंतिम प्रत, कापून टाकलेल्या मुलाखतींचे पूर्ण रेकॉर्डिंग आणि संमतीपत्रांच्या प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, आणि ज्या दप्तरखान्याने कागद पाहू दिले त्याला एक प्रत नेऊन द्यावी.